पुन्हा सातवं प्रकरण

सातवं प्रकरण वाचून संपत आलं की कॉम्प्युटरचा पडदा निळा व्हायचा. कधी शेवटच्या पानावर, कधी अगदी शेवटच्या ओळीवर. मग आतल्या खोलीतून बायकोचा आवाज यायचा, "मेलं पुन्हा झोपलं!"

अंध मुलांच्या शाळेसाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. या वेळचं पुस्तक समुद्रप्रवासाचं, मुलांनी हट्टाने मागितलेलं. एवढं एक शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज कसा असेल, असं विचारलं तर सर्जन नुसतं "बघू" म्हणाला होता. तेव्हा जे काही वाचायचं ते आधीच. आणि नेमकं आत्ताच हे यंत्र पाय पसरून बसलेलं.

तिच्या भाच्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरात आम्ही त्याला वैद्यबुवा म्हणतो, कारण यंत्र उघडण्याआधीच तो तोंड पाडतो.

वैद्यबुवांनी आधी उष्णतेवर ठपका ठेवला. पेटी उघडून धूळ काढली. पडदा निळा. मग मेमरी बदलली. निळा. वायर बदलली. निळाच. दर खेपेला वाचलेलं सगळं पुसलं जायचं आणि बायको प्रकरण पहिल्यापासून वाचायची.

"त्या खलाशाला मी अजून किती वेळा बुडवू रे?"

"मावशी, चिडू नकोस. घसा जपून बोल."

"तो जपायचा म्हणूनच तुला बोलावलं ना!"

शेवटी त्याने यंत्र बंद पडताना मागे ठेवलेल्या नोंदी वाचल्या आणि टिचकी वाजवली. "सापडला! मशीन आणि डिस्क यांना जोडणारं हे कार्ड आहे ना, त्याचा ड्रायव्हर बिघडलाय. म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. नवीन आलाय. मोठी फाइल लिहायला दिली की मशीनला घेऊन आडवा होतो."

"मग दे हाकलून."

"दिला. जुना बसवला."

त्याने भली मोठी फाइल लिहून पाहिली. पडदा काही निळा झाला नाही. तो गेला, हिने यंत्र बंद केलं. सकाळी वाचायला बसली आणि खलाशी बुडायच्या आत पडदा निळा.

वैद्यबुवा धावत आले. बघतात तर नवा ड्रायव्हर परत जागेवर. "काका, तुम्ही हात लावलात?"

"मला त्याचं नाक कुठलं नि कान कुठला ते कळत नाही. माझ्यावर कशाला घसरतोस?"

पुन्हा जुना बसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. आता मावशी-भाचे एकमेकांशी धड बोलेनात. ती कोमट पाण्याच्या गुळण्या करून वाचायची आणि तिचा आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता.

त्या संध्याकाळी तो ठिय्या देऊन बसला. "आता रोज करतेस तसंच सगळं कर."

तिने चष्मा लावला, माउस सरकवला, दाबलं.

"थांब! काय दाबलंस?"

"बंद केलं."

"नुसतं 'बंद करा' की 'अपडेट करा आणि बंद करा'?"

"खालचं. दोन्ही कामं होतात त्यात. अर्धवट टाकून उठायची मला सवय नाही."

त्याने कपाळ धरलं. "अगं, मी ज्याला हाकलतो त्याला तू रोज मानाने घरात घेतेस!"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा ड्रायव्हर परत येऊ नये म्हणून खूण करायची असते. ती मी केलीच नाही."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की मी उठून पाणी आणायला गेलो.

त्याने खूण केली, वर इंटरनेटची वायरही उपटली. रविवारी सकाळी प्रकरण सरळ शेवटापर्यंत गेलं. फाइल साठवली गेली. वैद्यबुवांनी ती लावली आणि आम्ही तिघं ऐकू लागलो. आवाज खरखरत होता. वाक्याच्या मध्येच दम लागत होता.

"हा नको. पहिल्या दिवशीचा किती स्वच्छ होता! मी परत वाचते," असं म्हणून तिने पुस्तक ओढलं. तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

भाचा खाली मान घालून बसला. तिने खाकरून कसाबसा सूर काढला. "अहो, तुम्ही सांगा. खरं सांगा."

"थकलेला आहे," मी म्हणालो. "पण तुझाच आहे."

"कधी मेलं गोड बोलता म्हणून येत नाही तुम्हाला."

तिने पुस्तक मिटलं. मग भाच्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि काहीतरी म्हणाली. आवाज नव्हताच, ओठांवरून कळलं.

"पाठव."