विषयाबाहेरचं ऐकलेला रेकॉर्डर

मी एक जुना व्हॉइस रेकॉर्डर आहे, पेन्सिल सेलवर चालणारा. मित्रांनो, हल्ली सगळं मोबाइलमध्येच होतं म्हणून माझी कीव करू नका. मला ती आवडत नाही, आणि माणसांशी माझं फारसं पटतही नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट अनुपमाबाईंच्या पर्समध्ये आलो. बाई संशोधक. समुद्रापलीकडे झालेल्या, इथे कुणालाच नको असलेल्या एका जुन्या लढाईत आपले जवान कशाच्या बळावर लढले, हा त्यांचा विषय. माझ्या स्वच्छ आवाजाची त्या चारचौघांत तारीफ करत. पण बोलणारा प्रश्न सोडून जरा इकडेतिकडे गेला की लगेच माझं बटण दाबत. अर्ध्यात तोडलेली कितीतरी वाक्यं माझ्या पोटात पडून आहेत. बाईंच्या त्या बोटाचा मला मनस्वी राग येतो.

घाटकोपरच्या समाजमंदिरात त्यांनी निवृत्त जवानांना बोलावलं, आणि मान म्हणून पुढच्या खुर्चीत त्यांच्याच जुन्या सुभेदारांना, गुणाजीरावांना बसवलं. साहेबासमोर जवान कधी मनातलं बोलेल का? एवढं शिकूनही बाईंना हे कळलं नाही.

"मनोबल कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"एकदम हाय, मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले.

"कुणीच पळालं नाही?"

"एकच. देवेश," सुभेदार म्हणाले. "पाठीत गोळी खाऊन मेला."

मागे बसलेले भीमराज उठले. "साहेब, जखमी होऊन मी मागे पडलो होतो. मी हाक मारली म्हणून तो वळला."

"काका, हे विषयाबाहेर जातंय," म्हणत बाईंनी मला बंद केलं.

भीमराजनी मला टेबलावरून उचललं आणि स्वतः चालू केलं. "हाच तुमचा विषय आहे, मॅडम. दुसऱ्या दिवशी आम्ही लढलो ते त्याची बॉडी आणायला. बाकी काही डोक्यात नव्हतं यार."

"खाली बस, भीमराज."

"ते दिवस गेले, साहेब. तो पळाला, हे तुम्ही स्वतः बघितलं?"

"नाही. मला कुणीतरी सांगितलं होतं," सुभेदार पुटपुटले. तेही मी टिपून घेतलं, आणि मला आसुरी आनंद झाला.

भीमराजनी मला खिशात टाकलं.

"रेकॉर्डर माझा आहे," बाई ओरडल्या.

"माहितेय," म्हणून ते चालू लागले.

ते मला गोवंडीला, देवेशच्या बायकोकडे घेऊन आले. रत्नप्रभाताईंना सगळी गल्ली आजवर पळपुट्याची बायको म्हणत आली होती. त्यांनी मला कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं. त्या रडल्या नाहीत. आवाज मोठा करून त्यांनी मला दारात ठेवलं. शेजारणींनी दारं लावून घेतली, तेव्हा मला हातात घेऊन त्या एकेकीची कडी वाजवू लागल्या.

मित्रांनो, माणूस बोलत असताना त्याला मध्येच बंद करू नका. आणि मला नवे सेल आणून द्या. माझा आवाज बसत चाललाय, आणि गल्लीतली बरीच घरं अजून राहिली आहेत.