बैठकीतला दुसरा

सकाळचं ऊन बैठकीच्या खोलीत येतं तेव्हा त्याला कसलीच घाई नसते. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचांवर थबकतं, तिथून उसनं होऊन आमच्या खिडकीत उतरतं आणि पडद्याच्या पट्ट्यांतून झिरपत झिरपत लांब टेबलावर निजतं. टेबलाच्या मधोमध बैठकांचा तीन पायांचा फोन असतो. त्याच्यावरची धूळही त्या उन्हात कोणी जपून ठेवल्यासारखी दिसते. मग रिकाम्या खुर्च्यांच्या पाठी एकेक करून उजळतात. शेवटी ऊन काचेच्या दारापाशी पोहोचतं आणि थांबतं. दारापलीकडे यंत्रांची खोली आहे. तिथे हिरवे दिवे आणि पंख्यांची घरघर. ऊन तिथे जात नाही.

त्या खोलीतलं सर्वांत जुनं यंत्र फोनवरच्या बैठका जोडून देतं. कोणी आलं, कोणी गेलं, की मोजून सांगतं, "या बैठकीत आता चार जण आहेत." तो आवाज माझ्या दादाचा आहे. यंत्र त्यानेच बसवलं होतं. ठरलेला निवेदक ऐन वेळी आला नाही, तेव्हा त्यानेच घसा खाकरून एकेक वाक्य ध्वनिमुद्रित केलं. पुढे त्याच्या खुर्चीवर मी आलो. "दादा हल्ली इथे नसतो," इतकंच मी लोकांना सांगत असे.

कार्यालय भरण्याआधी मी रोज त्याच्या जुन्या बैठकीचा क्रमांक फिरवत असे. जोडला जाणारा मी एकटाच. तरी आवाज म्हणे, "या बैठकीत आता दोन जण आहेत." मग शांतता, आणि त्या शांततेच्या तळाशी कोणाचा तरी श्वास. मी बोलत नसे. पलीकडूनही कोणी बोलत नसे. फोन कुठून आला आहे हे यंत्राच्या पडद्यावर क्षणात दिसलं असतं. मी तो पडदा कधी उघडला नाही.

आणि आता त्या यंत्राचं काम करायला नवा सर्व्हर येणार होता. त्याच्या मांडणीचा आराखडा मी पुन्हा पुन्हा केला. दर वेळी जुनं यंत्र जागच्या जागी, चालू राहिलं.

"दोन्ही चालवायची म्हणतोस? कायमची?" आमच्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"नव्या मशीनने दगा दिला तर जुनं हाताशी असावं."

रॅकमागून वायरमनकाकांनी डोकं बाहेर काढलं. "हाताशी? अहो, एसी आत्ताच मान टाकतोय. आणखी एक पेटवा, मग आपण इथे कपडे वाळत घालू."

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत रे बाबा," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी आराखडा हवा. जुन्या मशीनशिवाय." मग आवाज उतरवून, "त्याचा आवाज काढून ठेव की वेगळा. कोण नको म्हणतंय?"

आवाज नव्हे, मला ती मोजणी हवी होती. हे बाईंना सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी ऊन टेबलाच्या कडेशी आलं तेव्हा मी क्रमांक फिरवला. दोन जण. श्वास होता. मी पहिल्यांदाच बोललो.

"दादा, आज मशीन बंद करावी लागणार."

श्वास अडकला.

"भाऊजी?"

वहिनी होत्या. माहेरी जाऊन राहिल्यापासून ज्यांना मी एकदाही फोन केला नव्हता, त्या माझ्या वहिनी.

"तुम्ही होय रोज?" त्या म्हणाल्या. "मी यांचा आवाज ऐकायला फोन लावायचे. आधी हे म्हणायचे, एक जण. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणायचे, दोन. मला वाटायचं..."

"मलाही."

मग त्यांनी विचारलं, "जेवता ना वेळेवर?"

"हो."

"थापा मारू नका. हेही असंच म्हणायचे." त्यांनी फोन ठेवला.

"या बैठकीत आता एक जण आहे," यंत्र म्हणालं.

बाई आल्या तेव्हा आराखडा त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "जुनी काढलीस? आणि आवाज?"

"वहिनींकडे पाठवतोय."

"काल तर ऐकायला तयार नव्हतास. रात्रीतून काय झालं?"

"दादा वारलाय," मी पहिल्यांदाच म्हणालो.