डाव्या हाताचं टायपिंग

“मॅडम, माझं नाव काढून टाका. हे दहा बोटांचं काम. माझ्याकडे पाचच उरलीत.”

वाचनालयामागच्या खोलीत संगणकाचा वर्ग भरायचा. सगळी कॉलेजातली पोरं. त्यांत हा एकटाच चाळिशी उलटलेला. पत्रे कापणाऱ्या मशीनने त्याचा उजवा पंजा नेला, कारखान्याने घरी बसवलं, आणि बायकोने हट्टाने इथं आणून बसवलं. पोरांची बोटं धडाधड चालत, तेव्हा हा एकेक अक्षर शोधत घामाघूम व्हायचा.

मॅडमनी हजेरीची वही मिटली. मग म्हणाल्या, “एका हाताने कसं करायचं ते मलाच येत नाही, तर शिकवू काय? आठवडाभर थांबा. मग या.”

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, “गोड बोलून कटवलं मला.”

“कटवायचं असतं तर लगेच नाव काढलं असतं की. जायचं म्हणजे जायचं!”

आठवड्याने तो गेला. मॅडमनी उजवा हात पाठीमागे घेतला आणि नुसत्या डाव्याने टाइप करायला सुरुवात केली. पंजा कीबोर्डच्या मधोमध, बोटं दोन्हीकडे पळणारी. चुका होत होत्या, पण पडद्यावर ओळ उमटत होती.

“दोन बटणं एकदम दाबायची म्हटली की माझं घोडं अडायचं,” त्या उत्साहाने सांगू लागल्या. “पण मशीनमध्येच सोय आहे हो! आधी एक दाबून सोडायचं, मग दुसरं. बघा!”

तो खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. अपघातानंतर हळहळणारे पुष्कळ भेटले होते; त्याच्या जागी बसून पाहणारं कुणी भेटलं नव्हतं.

पुढे काही महिने त्याने कीबोर्डवरून मान वर केली नाही. मग मालवाहतुकीच्या एका कचेरीत पावत्या बनवायचं काम मिळालं. ते सांगायला तो बायकोला घेऊन वर्गात गेला. मॅडमच्या डाव्या मनगटाला पट्टा होता.

“हे काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही हो. त्या आठवड्यात एका हाताचा सराव जरा अति केला, तेव्हापासून अधूनमधून दुखतं. ते राहू द्या, नोकरीचं सांगा!”

त्याने सांगितलं. बायको म्हणाली, “मॅडम, आमचं घर सावरलंत तुम्ही.”

वर्ग सुटला. पोरं खुर्च्या तशाच टाकून पळाली. मॅडम आवरायला वळल्या, तसा तो पुढे झाला.

“तुम्ही बसा.”

एकेक खुर्ची उचलून तो भिंतीशी नेऊन ठेवू लागला. बायको मदतीला म्हणून उठली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसली.