घरगुती गप्पा

आल्हाददादा आमच्या नांदुऱ्याच्या घरी आले ते चक्क पेढे घेऊन. निर्लज्जपणालाही काही सुमार असतो.

दादा म्हणजे कॅप्टन आल्हाद, मूळचे आमच्याच वऱ्हाडातल्या उंद्रीचे. कंपनीत मला मोठं विमान हाताळायला त्यांनीच शिकवलं. पुण्यामुंबईची पोरं माझ्या बोलण्याला हसायची, तेव्हा हेच म्हणाले होते, "कॉकपिटमदी आपली बोली बोलत जाय, मंजू. डोकं मोकळं राह्यते." मी बोलत गेले. तिथेच फसले.

दोन महिन्यांपूर्वी उतरायच्या ऐन तोंडावर वादळ आलं आणि धावपट्टी बदलून मिळाली. विमान दादांच्या हातात होतं. वेग आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल त्यांनी बंद केला आणि त्या धांदलीत साफ विसरले. मी नव्या धावपट्टीचे आकडे भरत होते. मान वर करून बघते तर वेग घसरत चाललेला. नियम असा, की सहवैमानिकाने ठरलेल्या इंग्रजी शब्दांतच ओरडायचं. माझ्या तोंडून निघालं, "दादा, लय हळू झालं, लोटा न समोर!" त्यांनी थ्रॉटल लोटला, विमान पुन्हा वर घेतलं. दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. एकशे सत्तर माणसं बॅगा ओढत आपापल्या घरी गेली.

कंपनीची चौकशी दिल्लीला झाली. तिथल्या साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये मी काय बोलले ते त्यांनी दादांनाच विचारलं. अहवालात उतरलं, 'सहवैमानिकाने इशारा दिला नाही. घरगुती गप्पा चालू होत्या.' माझं उड्डाण बंद झालं.

आणि मी मूर्ख, तरी त्यांचीच बाजू घेत राहिले. केवढा पाऊस, केवढा गोंगाट, ऐकूच आलं नसेल त्यांना. दोन महिने रोज मी स्वतःची हीच समजूत काढली.

आता ते कागद माझ्यापुढे सरकवत होते. "चूक मान्य म्हणून सही करून टाक. सहा महिन्यांनी मीच तुले परत घेतो."

माझे बाबा बाजूलाच बसले होते. त्यांनी तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं. ते म्हणाले, "साहेब, इंजिनात आमी दोघं सिग्नल एकमेकाले ओरडून सांगतो. पोरीनं सांगतलं, ते तुमाले ऐकू आलं का नाही, येवढंच सांगा."

दादांनी कप खाली ठेवला. "आलं. म्हणून तं हात गेला न थ्रॉटलवर."

इतक्या सहज म्हणाले, की मला आधी कळलंच नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. "मंग दिल्लीत काऊन नाही सांगतलं?"

"मी परीक्षक आहो, मंजू. दुसऱ्यांले पास-नापास करतो. मीच विसरलो म्हणलं असतं तं काय राह्यलं असतं माझं? तुझं वय आहे अजून."

सहीच्या जागी मी लिहिलं, 'अमान्य. रेकॉर्डिंग वऱ्हाडी समजणाऱ्या माणसाला ऐकवा.' आणि कागद परत दिला.

त्यांनी दोनदा वाचलं. "मी तुले लहान बहीण मानलं," ते म्हणाले. आवाज खरंच कापत होता, डोळे भरले होते. दगा मी दिला, असंच वाटत होतं त्यांना.