ताईचे ठोके

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत ताई. ताई त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. आता तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, आणि वर्षभरापूर्वी तोही निसटला. ती त्याला ‘काटेवाले’ म्हणायची, अहो-जाहो करायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्याला जेवण गेलं नव्हतं. मग सवय झाली.

दवाखान्यातल्या नर्सने दोन पट्टे आणून दिले. एक ताईच्या मनगटावर, एक त्याच्या. ताईचा जीव घाबराघुबरा झाला, ठोके वाढले, की त्याचा पट्टा थरथरायचा आणि त्यावर आकडा उमटायचा.

“म्हणजे त्या रडायला लागायच्या आत तुम्ही पोचाल, काका,” नर्स म्हणाली.

आणि खरंच पोचायचा. न्हाणीत पाणी अंगावर पडून ती बिथरायच्या आत, फाटकाची कडी काढायच्या आत. पंधरा दिवसांत त्याचा पट्ट्यावर विश्वास बसला.

पण दुपारच्या आधी काहीतरी भलतंच व्हायचं. अकरा-साडेअकराच्या सुमाराला पट्टा थरथरायचा, शंभर, एकशे दहा. हातातलं टाकून तो आत धावायचा, तर ताई खुर्चीत शांत बसलेली. फक्त मान जरा तिरकी. तो दारात उभा राहीपर्यंत आकडा खाली यायचा.

काटा चुकतोय असं वाटलं की तो आधी काट्याखालची फरशी तपासायचा. इथेही त्याने तेच केलं. पट्टा थरथरला की आपण त्या क्षणी काय करत होतो ते पुठ्ठ्यावर लिहायला लागला. चार दिवसांत पुठ्ठा भरला. दरवेळी एकच: मोठा काटा तपासायला तो वीस-वीस किलोची वजनं उचलून ठेवत होता.

आवाजाने दचकत असेल, त्याला वाटलं. म्हणून त्याने एक वजन मुद्दाम दाणकन आपटलं. काही नाही. कानस घासली, हातोडा ठोकला. पट्टा ढिम्म. मग फरशीवर जाड घोंगडी अंथरली आणि जराही आवाज न करता सहा वजनं उचलून ठेवली. पट्टा थरथरला. एकशे चौदा.

त्याने तोही आकडा पुठ्ठ्यावर लिहिला.

गुरुवारी नर्स आली तेव्हा त्याने तिला ताईजवळ बसवलं आणि स्वतः दुकानात वजनं उचलली. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती त्याच्याकडेच बघत.

“काका, तुम्ही कधीपासून अशा धापा टाकताय?”

“धापा? मी? छे! वय झालं, एवढंच.”

“सदरा वर करा.” तिने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. “आत शिट्टी वाजतेय. मला शेजारच्या खोलीत ऐकू आलं नाही. ताईंना आलं.”

तो स्टुलावर बसला. लहानपणी त्याला दमा होता. छाती भरली की ताई त्याला उभा खांद्यावर घेऊन, श्वास मोकळा होईपर्यंत घरभर फेऱ्या मारायची. दहाव्या वर्षी दमा गेला आणि तो विसरूनही गेला. ताई सगळं जग विसरली, त्याचं नाव विसरली, तोंडसुद्धा विसरली. पण भिंतीपलीकडे त्याचा श्वास अडकला की तिचं काळीज आजही धावत सुटत होतं.

डॉक्टरांनी तपासलं आणि फैलावर घेतलं. दमा परतला होता, आणि अजून चार-सहा महिने अंगावर काढला असता तर निभावणं कठीण होतं. त्यांनी श्वासातून औषध ओढायचा पंप दिला, वजनं उचलायला मनाई केली.

पण तो पडला हट्टी. शनिवारी एक शेवटचा काटा राहिला होता, म्हणून दोनच वजनं उचलली आणि छाती आवळली. पट्टा थरथरला. तो आत गेला. ताईने त्याचा हात घट्ट धरला. तिची बोटं थंडगार पडली होती.

“काटेवाले, आमचं पोरगं बाहेर आहे हो. त्याला धाप लागलीय. मला उठवत नाही. तुम्ही जरा बघाल?”

त्याने मान हलवली, तिच्यासमोरच जमिनीवर बसला, पंप ओढला. एकदा. पुन्हा एकदा. छाती हळूहळू सैल झाली. मनगटावरचा आकडा उतरत गेला. एकशे सहा. नव्वद. अठ्ठ्याहत्तर. ताई दाराकडे कान लावून बसली होती, आणि तो देवापुढे बसावं तसा तिच्यापुढे बसून होता.

“निजला,” ती म्हणाली. तिने त्याचा हात सोडला. “आता ठोकाठोकी करू नका हं, काटेवाले. उठेल.”

“नाही करत, ताई,” तो म्हणाला. आणि पाय न वाजवता बाहेर जाऊन त्याने दुकानाची फळी लावून घेतली.