बुडण्याचा प्रसंग

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आमचं शूटिंग रखडलं होतं. दिग्दर्शक तांगी धड जेवत नव्हता, धड झोपत नव्हता. त्याचे मच्छीमार वडील याच समुद्रात बुडाले होते. तो प्रसंग त्याला पडद्यावर हवा होता, पण कितीदा घेतला तरी त्याला खोटाच वाटे.

त्या दुपारी वादळ उठलं आणि वडिलांचं काम करणारा नट पाण्यात उतरेना. तांगीने त्याचा कोट स्वतःच्या अंगावर चढवला.

"मादलेन, काही झालं तरी कॅमेरा थांबवू नकोस," तो मला म्हणाला.

"अरे, पोहता तरी येतं का तुला?"

"बाबांना तरी कुठं येत होतं?"

तो लाटांत शिरला आणि थोड्या वेळाने दिसेनासा झाला. मी कॅमेरा टाकून धावले. कोळ्यांच्या मदतीने त्याला बाहेर ओढलं.

शुद्धीवर येताच तो खेकसला, "कॅमेरा का सोडलास?"

"तू मरत होतास म्हणून."

तो ओल्या वाळूत बसून हमसाहमशी रडला. "बाबांसाठी कुणी धावलंच नव्हतं गं," तो म्हणाला.

चित्रपटात त्याने बुडणारा माणूस दाखवलाच नाही, किनाऱ्यावरून धावत सुटलेली बाई दाखवली. पॅरिसमध्ये लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. तांगी तोवर पुढच्या चित्रपटासाठी दुसरा किनारा शोधायला निघून गेला होता.