लाल बटणाची तार

चैत्र सरताना जव्हारच्या बाजारातल्या त्या दुकानात पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा उतरत, शिवणीच्या लाकडाचा बारीक भुसा त्यांत संथपणे तरंगत राही, आणि त्या पिवळसर धुळीत इब्राहिमचाचांचे दोन हात दिसत: रुंद, शिरा फुगलेले आणि अखंड थरथरणारे. आयुष्यभर त्या हातांनी पाळण्यांच्या फळ्या कोरल्या होत्या. साखरशेत गावाकडची माणसं पाळण्यावर नाचणीचं कणीस मागत, आणि चाचांच्या पटाशीखाली ते असं वळत असे की दाणे मोजून घ्यावेत. पुढे हातांनी ऐकायचं सोडलं. चाचा ते मांड्यांखाली दाबून बसू लागले.

पण स्वस्थ बसणारा तो माणूस नव्हे. जुन्या प्रिंटरांच्या मोटारी, ड्रॉवरच्या पट्ट्या, भंगारातला एक संगणक आणि लाकूड कोरायचं विजेचं हातयंत्र यांची मोट बांधून त्यांनी आपोआप कोरणारं यंत्र उभं केलं. संगणकात आकृती भरायची, की फिरतं पातं ती फळीवर उतरवी. ती एकसुरी घरघर सुरू झाली की चाचांच्या मुद्रेवर एक निवांत तृप्ती पसरे.

वीजजोडणी माझी. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, गावभरचे मिक्सर दुरुस्त करायचो आणि तेवढ्यावर स्वतःला फार शहाणा समजायचो. संकटात यंत्र थांबवायला मी ऐटीत एक लाल बटण बसवलं आणि त्याची तार संगणकाला जोडली. बटण दाबलं की संगणक मोटारी थांबवी. पात्याला वीज थेट भिंतीतून मिळे. ते चाचा मागाहून हाताने बंद करत. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

भारनियमन तेव्हा जव्हारच्या पाचवीलाच पुजलेलं. वीज परतल्याचं कळावं म्हणून घरोघरी एखाद्या दिव्याचं बटण चालूच ठेवलेलं असे. चाचा पात्याचं बटण चालू ठेवत. "लाइट गेली म्हणजे मशीन झोपली, मास्तर. झोपलेल्याला काय घाबरायचं?" असं म्हणत ते पात्याखालचा भुसा खुशाल बोटांनी काढत.

एका दुपारी वीज अवेळी परतली. मी समोरच बसलो होतो. संगणक अजून जागा व्हायचा होता, पण पातं तत्क्षणी गरगरलं आणि सदऱ्याची बाही गुंडाळत त्याने चाचांचा उजवा हात आत ओढला. डाव्या हाताने त्यांनी लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बटण मुकंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दृष्टीत वेदनेच्या आधी नवल होतं. चाचींनी धावत येऊन भिंतीतली पिन उपसली. मी जागचा हललोही नव्हतो. दोन बोटं गेली.

जखम भरल्यावर मी सगळी जोडणी नव्याने केली. आता लाल बटण दाबलं की पात्यासकट सगळ्याचीच वीज तुटे, आणि गेलेली वीज परतली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत काहीच हलत नसे. चाचा शेजारी बसून निरखत होते.

"पहिले ही तार कुठं जात होती, मास्तर?"

"झिजली होती ती," मी म्हणालो.

त्यांनी ती काढलेली तार उचलली. नवीकोरी होती. तिचं चकचकीत तांबं त्यांनी उन्हात धरून पाहिलं, मग आत आवाज दिला, "मास्तरला चाय ठेव."

पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "गलती माझीच. आता मास्तरनी केलंय ना, काय भीती नाही." ती स्तुती ऐकताना मला उठून जाता येत नसे, खरं बोलता येत नसे, हातातला चहा निवत जाई आणि मी मान खाली घालून तो पीत राही. उद्या सांगू म्हणता म्हणता कित्येक वर्षं सरली, आणि एका मार्गशीर्षात चाचा गेले.

माणूस जातो तेव्हा त्याने न बोलता केलेली क्षमा आपल्याजवळ राहते, पण आपली कबुली ऐकणारे कान तो घेऊन जातो. काळ बाकी सगळं झिजवतो, आणि जे कधीच झिजलं नव्हतं ते मात्र तसंच कोरं ठेवतो.